शिळं म्हणजे नेमकं किती तासांचं?

काष्टीचा बाजार शनिवारी भरतो. त्यामुळे शुक्रवारची संध्याकाळ म्हणजे आमच्या स्वयंपाकघरातली आठवड्यातली सगळ्यात गरीब संध्याकाळ. टोपलीच्या तळाशी अर्धा दुधी, एक गाजर, दोन मऊ पडलेले टोमॅटो आणि माना टाकलेली कोथिंबीर. दुरडीत सकाळच्या तीन भाकरी. फ्रिजमध्ये वाटीभर मटकीची उसळ, दुपारचं वरण आणि थोडासा भात. पुण्याहून दौंडमार्गे मी घरी पोहोचते तेव्हा दादा-वहिनी गोठ्यात धारा काढत असतात. स्वयंपाकघरात उरतो आम्ही चौघं: आजी, नऊ वर्षांची भाची, सहा वर्षांचा भाचा आणि मी.

आज याच शुक्रवारच्या जेवणाबद्दल लिहितेय. उरलेल्या अन्नातून सहा माणसांचं चांगलं, पोटभर जेवण कसं करायचं, मुलांना त्यात कसं घ्यायचं, आणि या सगळ्यात विज्ञान कुठे येतं. माझ्या पीएचडीचा विषय ज्वारीच्या भाकरीतला स्टार्च आहे. म्हणजे शिळी भाकरी हेच माझं काम! पण सुरुवात भाकरीपासून नाही, भातापासून करावी लागेल. कारण हा लेख लिहायचं ठरलं ते माझ्याच एका चुकीमुळे.

ती मे महिन्यातली रात्र

गेल्या वर्षी मे महिन्यात सुट्टीला घरी होते. दुपारी बाराच्या आसपास भात झाला. लाइट गेली होती, फ्रिज बंद होता, आणि भाताचं पातेलं झाकण ठेवून ओट्यावरच राहिलं. रात्री आठ वाजता मी तो भात पाहिला. वास घेतला, ठीक वाटला. कांदा-मिरचीची सणसणीत फोडणी दिली आणि मनात म्हटलं, कढईत एवढं चर्र केल्यावर कुठले जंतू राहतायत! धाकट्याने दोन वाट्या खाल्ल्या. अकरा वाजता उलट्या सुरू झाल्या.

डॉक्टरांनी ओआरएस सुरू केलं, सकाळपर्यंत पोरगं सावरलं. त्यांचा पहिला प्रश्न होता, "दुपारचा भात होता का?" अन्नाचा नमुना काही कुणी तपासला नाही, पण लक्षणं आणि वेळ पुस्तकातल्यासारखी जुळत होती. वहिनी "मीच भात आत ठेवायला हवा होता" म्हणून स्वतःला दोष देत बसली. खरं म्हणजे दोष माझा. अन्नशास्त्रात डॉक्टरेट करणारी मी, आणि वासावर भरवसा ठेवून मोकळी झाले.

त्यानंतर आजीने फर्मान काढलं, "आता या घरात शिळं कुणी खायचं न्हाय." पंधरा दिवस आमच्या घरचं सगळं उरलेलं अन्न गोठ्यात गेलं. गायी खूश झाल्या. पण मला ते पटत नव्हतं. चूक 'शिळं' खाण्यात नव्हती. चूक त्या आठ तासांत होती.

भातात काय घडतं?

बॅसिलस सिरियस नावाचा एक जिवाणू मातीत सगळीकडे असतो, त्यामुळे तांदळावरही असतो. भात शिजवताना साधे जिवाणू मरतात. पण हा गडी संकट आलं की स्वतःभोवती टणक कवच करून झोपी जातो. या झोपलेल्या अवस्थेला बीजाणू म्हणतात, आणि हे बीजाणू उकळत्या पाण्यातही टिकतात. भात शिजला, कोमट झाला, ओलावा भरपूर, आजूबाजूला दुसरा जिवाणू नाही, म्हणजे जेवणाची पंगतच मांडलेली. बीजाणू जागे होतात आणि भराभर वाढतात.

वाढताना काही प्रकार एक विष तयार करतात. त्याचं नाव सेरुलाइड. आता लक्ष द्या, कारण माझी चूक इथेच झाली. फोडणीत जिवाणू मरतात, पण हे विष मरत नाही. १२१ अंश सेल्सिअसला ९० मिनिटं ठेवलं तरी ते टिकतं. म्हणजे कुकरच्या शिट्ट्यांनीही जाणार नाही. वर त्याला वास नाही, चव नाही. खाल्ल्यावर अर्ध्या तासापासून सहा तासांच्या आत उलट्या होतात. १९७० च्या दशकात ब्रिटनमध्ये हा आजार पहिल्यांदा नीट ओळखला गेला तो फ्राइड राइसमुळे. तिथल्या हॉटेलांत भात आधी शिजवून तसाच बाहेर ठेवायचे आणि गिऱ्हाईक आलं की परतून द्यायचे. थोडक्यात, मी केलं तेच.

आजीचा नियम चुकीचा होता का?

आजीने आयुष्यभर शिळं खाल्लंय. सकाळी शिळी भाकरी आणि ताक किंवा ठेचा, हाच तिचा नाश्ता. शिळं आहे का खराब, हे ती वासावरून ठरवते, आणि तिला कधी काही झालं नाही. मग ती इतकी वर्षं नशिबावर जगली का?

नाही. तिचा नियम बरोबर होता, फक्त तो भाकरीसाठी बनला होता. आमच्या या कोरडवाहू पट्ट्यात तिच्या लहानपणी भात सणासुदीला व्हायचा. रोज ज्वारी-बाजरीच. १९७२ च्या दुष्काळात तर रोजगार हमीच्या कामावर मिळणारी सुकडी आणि रेशनवरचा लाल मिलो, हे तिला अजून आठवतं. तिच्या घरात उरायची ती भाकरी. शिजलेल्या भातात साधारण दोन-तृतीयांश पाणीच असतं. भाकरी मात्र तव्यावर आणि आरावर भाजलेली, पातळ, वरून कोरडी. दुरडीत फडक्यावर ठेवली की अजून वाळते. पाणी कमी म्हणजे जिवाणूंना वाढायला वाव कमी. सोलापूरची कडक भाकरी आठवा. पूर्ण वाळवलेली ती भाकरी फ्रिजशिवाय कितीतरी दिवस टिकते, ती याच तत्त्वावर.

भाकरी बिघडलीच तर बुरशी दिसते, कुबट वास येतो. म्हणजे नाक आणि डोळे तिथे कामाचे आहेत. (बुरशी दिसली तर मात्र तेवढाच तुकडा काढून उरलेली खाऊ नका. बुरशीचे धागे आतपर्यंत गेलेले असतात.) गडबड कधी झाली? भात रोजचा झाला, आणि आपण भाकरीचा नियम भाताला लावला. भाताला नाक चालत नाही, घड्याळ लागतं.

घड्याळाचा नियम

जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला सोपा आहे. शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका. ५ अंशांच्या खाली थंड ठेवा नाहीतर ६० अंशांच्या वर गरम. मधला भाग जिवाणूंचा. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात दोन तासही जास्तच. हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एक तास धरा.

आमच्या घरात आता हे असं चालतं:

१. जेवणं झाली की उरलेला भात आणि वरण पसरट ताटलीत किंवा डब्यात काढायचं. खोल पातेल्यातला भात मधोमध कितीतरी वेळ कोमट राहतो. वाफ गेली की लगेच फ्रिजमध्ये.

२. डब्यावर वेळेची चिठ्ठी. हे काम थोरलीचं. वहीच्या कागदाचा तुकडा, त्यावर "भात, शुक्रवार, दु. १२.३०", आणि रबरबँड. दुसऱ्या दिवसापर्यंत संपवायचं.

३. लाइट गेली तर फ्रिजचं दार उघडायचं नाही. बंद दाराचा फ्रिज साधारण चार तास थंडावा धरून ठेवतो. हे काम धाकट्याचं. दारासमोर हात पसरून उभा राहतो आणि आजीलाही उघडू देत नाही.

४. गरम करायचं तर वाफा येईपर्यंत, आणि एकदाच. कोमट करून अर्धं खाऊन पुन्हा ठेवायचं नाही.

५. चिठ्ठी नाही, वेळ आठवत नाही, तर भात गोठ्यातही नाही. सरळ उकिरड्यावर.

घरात आता आम्ही दोन वेगळे शब्द वापरतो. वेळेत थंड जागी गेलं ते 'उरलेलं'. विसरून राहिलं ते 'शिळं'. उरलेलं खायचं, शिळं नाही. आजीला हे पटायला महिना लागला.

आता माझ्या भाकरीकडे

ताजी भाकरी मऊ आणि सकाळची भाकरी संध्याकाळी कडक, हे का होतं? सगळ्यांना वाटतं पाणी उडालं म्हणून. ते अर्धंच खरं. हवाबंद डब्यात ठेवलेली भाकरीसुद्धा ताठ होते.

स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या लांबच लांब माळा. पीठ गरम पाण्यात मळून भाजलं की या माळा पाणी पिऊन सैल होतात, विस्कटतात. म्हणून ताजी भाकरी मऊ. थंड झालं की माळा पुन्हा एकमेकींना चिकटून घट्ट रांगा करतात. काही रांगा इतक्या घट्ट होतात की आपल्या लहान आतड्यातली पाचकरसं त्यात शिरू शकत नाहीत. हा स्टार्च न पचता मोठ्या आतड्यात जातो आणि तिथले चांगले जिवाणू तो खातात. त्यातून ब्युटिरेटसारखी आम्लं तयार होतात, ती आतड्याच्या पेशींचं अन्न. याला 'प्रतिरोधी स्टार्च' म्हणतात. प्रयोगशाळेत तो मोजण्याची पद्धत मजेशीर आहे. नमुना पाचकरसांसोबत ३७ अंशांवर १६ तास हलवत ठेवायचा, आणि जे पचायचं राहिलं ते मोजायचं. एका अर्थाने काचेच्या नळीतलं आतडंच.

फायदा किती? इंडोनेशियातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये भातावर हे मोजलं. ताज्या भातात १०० ग्रॅममागे ०.६४ ग्रॅम प्रतिरोधी स्टार्च होता. २४ तास ४ अंशांवर ठेवून पुन्हा गरम केलेल्या भातात १.६५ ग्रॅम. पंधरा निरोगी माणसांना दोन्ही भात खायला दिले, तर थंड करून गरम केलेल्या भाताने रक्तातली साखर कमी चढली. बघा, वाढ अडीच पटींची आहे, पण शेवटी १०० ग्रॅमला दीड ग्रॅमच. त्यामुळे 'शिळा भात खा, शुगर पळवा' असे मेसेज आले तर पुढे पाठवू नका. घरात मधुमेही असेल तर औषध तेच, डॉक्टर तेच.

स्वयंपाकाच्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. या रांगांपैकी एक प्रकार ५०-६० अंशांनाच विरघळतो. म्हणून कडक भाकरीवर पाणी किंवा ताक शिंपडून झाकण ठेवून वाफ आणली की ती पुन्हा मऊ होते. दुसरा प्रकार पाणी उकळेल एवढ्या तापमानालाही टिकतो, म्हणून प्रतिरोधी स्टार्च थोडाफार शिल्लक राहतो. आणि फ्रिजच्या तापमानाला रांगा सगळ्यात लवकर लागतात. म्हणून भाकरी त्याच दिवशी खायची असेल तर फ्रिजमध्ये ठेवू नका, दुरडीच बरी.

शुक्रवारचं जेवण

आता प्रत्यक्ष काम. पावणेसात वाजता आम्ही सगळं ओट्यावर मांडतो. थोरली चिठ्ठ्या वाचते, धाकटा हात धुऊन येतो (दोनदा, कारण पहिल्यांदा तो फक्त पाणी दाखवून येतो).

*थालीपीठ.* वाटीभर भात आणि वाटीभर उसळ परातीत घ्यायची आणि हाताने कुस्करायची. हे धाकट्याचं आवडतं काम, मातीत खेळल्यासारखं. थोरली दुधी आणि अर्धं गाजर किसते. शेवटचा बोटभर तुकडा किसायचा नाही, तो खायचा, म्हणजे बोटं वाचतात. मग दोन वाट्या ज्वारीचं पीठ, अर्धी वाटी बेसन, ओवा, तीळ, हळद, तिखट, कोथिंबीर. मीठ बेताने, कारण उसळीत आहेच. पाण्याऐवजी उरलेलं वरण घालून मळायचं. ओल्या फडक्यावर पातळ थापायचं, मधे भोकं पाडायची, तव्यावर टाकून झाकण ठेवायचं. पातळ का? जाड थालीपीठ बाहेरून करपतं आणि आतला भात कोमटच राहतो. तव्याजवळ मी, मुलं दोन हात लांब.

*फोडणीची भाकरी.* तीन भाकरींचे तुकडे मुलं करतात. एकदा थोरलीला विचारलं, तीन भाकरी सहा जणांत कशा? ती म्हणाली, "अर्धी अर्धी. पण आजीला दात न्हाईत, तिला चतकोर दे, उरलेली चतकोर मला." गणित आणि राजकारण दोन्ही आलं. तुकड्यांवर ताक शिंपडून दहा मिनिटं ठेवायचं. मोहरी, जिरं, कढीपत्ता, शेंगदाणे, कांदा यांची फोडणी, त्यावर तुकडे, झाकण, एक दणदणीत वाफ.

*कोशिंबीर.* टोमॅटो, उरलेलं गाजर, घरचं दही, दाण्याचा कूट. आणि लिंबू, पण ते सगळ्यात शेवटी. ताटं वाढली की धाकटा प्रत्येकाच्या ताटात पिळतो.

लिंबू शेवटी का, याला कारण आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम ज्वारीत जवळपास ४ मिलिग्रॅम लोह आणि १० ग्रॅम तंतू आहेत. पांढऱ्या तांदळात लोह एक मिलिग्रॅमसुद्धा नाही. पण धान्यातलं लोह शरीराला सहज मिळत नाही. सोबत क जीवनसत्त्व असलं तर ते जास्त शोषलं जातं. क जीवनसत्त्व उष्णतेने नासतं, म्हणून उरलेली भाजी पुन्हा गरम केली की त्यातलं बरंचसं गेलेलं असतं. लिंबू ते भरून काढतं. ही किरकोळ बाब नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या मुलांमध्ये रक्तक्षयाचं प्रमाण ६८.९ टक्के निघालं. एका लिंबाने ते बदलणार नाही, पण लिंबू परवडतं.

ज्वारी आणि मटकी एकत्र का, हेही सांगते. ज्वारीच्या प्रथिनात लायसिन नावाचा घटक कमी असतो, कडधान्यात तो भरपूर. कडधान्यात जे कमी, ते ज्वारी देते. भाकरी आणि कालवण ही जोडी आपल्याकडे उगीच जमलेली नाही.

मुलं मधे कशाला?

खरं सांगू, मुलं असली की वेळ दीडपट लागतो. पीठ जमिनीवर, कोथिंबीर केसांत. तरी फायदा आहे, आणि तो मोजलेला आहे. स्वित्झर्लंडमध्ये ६ ते १० वर्षांच्या ४७ मुलांवर एक प्रयोग झाला, तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. काही मुलांनी आई किंवा वडिलांसोबत जेवण बनवलं, बाकीच्यांच्या पालकांनी एकट्याने. स्वतः बनवणाऱ्या मुलांनी सॅलड ७६ टक्के जास्त खाल्लं. त्याच मुलांनी एकूण उष्मांकही सुमारे २४ टक्के जास्त घेतले, हेही सांगायला हवं. म्हणजे सगळंच जास्त खाल्लं. प्रयोग एका मोठ्या अन्नकंपनीच्या संशोधन केंद्रातला आणि एकाच जेवणाचा, तेव्हा आकडा डोक्यावर घेऊ नका. पण आमच्या घरचा अनुभव त्याच दिशेचा आहे. दुधी दिसला की तोंड फिरवणारा धाकटा स्वतः कुस्करलेल्या थालीपिठातला दुधी विचारतसुद्धा नाही.

मला मात्र दुसराच फायदा मोठा वाटतो. ज्या पोराला त्या रात्री उलट्या झाल्या, त्याला आज भात कधी चालतो आणि कधी नाही, हे माहीत आहे. ते त्याला कुणी शिकवलं नाही. चिठ्ठ्या लावता लावता आलं.

संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालात भारतातल्या घरांमधून दरवर्षी माणशी ५५ किलो अन्न वाया जातं असा अंदाज आहे. त्यात साली-देठंही धरलेली आहेत, तरीही हा आकडा थोडा नाही. यावर उपाय म्हणून आपण एकतर 'अन्न टाकू नये' म्हणतो, नाहीतर 'शिळं खाऊ नये'. दोन्ही वाक्यं खरी आहेत आणि दोन्ही अपुरी. त्यांच्या मधे एक घड्याळ लागतं.

मागच्या शुक्रवारी आजी सवयीने पातेल्यातला भात हुंगत होती. धाकटा मागून म्हणाला, "आजी, वास नको घेऊ, चिठ्ठी बघ." आजी म्हणाली, "मला कुठं वाचता येतंय रं? तूच वाच." त्याने अडखळत वाचलं, "भात. दु-पार. एक." आजीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, बोटांवर तास मोजले आणि म्हणाली, "मग फ्रिजात ठिवायचा का न्हाय? दीड वाजलं की."